दुसऱ्याचे दुःख ऐकण्यापूर्वी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांपाशी. ध्यानासारख्या विषयावर अधिकाराने बोलण्याची आमची योग्यता नाही. आमच्या हातून एक चूक घडली, ती निस्तरताना जे उमगले, तेवढेच सांगावयास उभे आहोत.

२०१६ साली एका कारखान्यात उंचीवरून पडून एक कंत्राटी कामगार दगावला. आठदहा दिवसांनी त्याची पत्नी संघटनेच्या कचेरीत आली. हातात पिशवी होती. ती बोलू लागली न लागली तोच आम्ही अर्ज पुढे ओढला. त्या वेळी लागू असलेल्या १९२३च्या कायद्याप्रमाणे मयताच्या महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यावयाचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावयाचा, असा भरपाईचा हिशेब असे. आम्ही वय विचारले, मजुरी विचारली, मृत्यूचा दाखला मागितला. तिने पिशवीतून ॲल्युमिनियमचा डबा काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "भाऊ, हा बंदच परत आला." आम्ही म्हणालो, "ताई, ते राहू द्या. तारीख सांगा."

डबा उचलून ती निघून गेली. सही केली नाही. पुन्हा फिरकलीही नाही. दाव्याची मुदत दोन वर्षांची.

कोणी म्हणेल, कामाचा माणूस कामाचेच बोलणार! आम्हीही मनाची तशीच समजूत घालून पाहिली. पण खरी गोष्ट अशी, की आम्हांस तो डबा पाहवत नव्हता. पंचवीस वर्षे दुसऱ्यांची दुःखे ऐकून आमचे कान भरले होते. रात्री झोप नसे, घरी शब्दाशब्दाला खेकसणे असे, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यातच आमच्या मंडळींनी आम्हांस जवळजवळ ढकलतच वस्तीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या ध्यानवर्गास नेले.

वर्ग कसला, शाळेची एक खोली आणि दहाबारा सतरंज्या. मंत्र नाही, गुरूची तसबीर नाही. डोळे मिटावयाचे आणि बाई संथपणे सांगत जातील तिकडे लक्ष न्यावयाचे: पायाचे तळवे, पोट, श्वास. लक्ष पळाले तर रागावू नका, परत आणा, एवढेच. मग बाई म्हणत, "आता स्वतःचे नाव मनात घ्या, आणि याचे दुःख हलके होवो, असे म्हणा." येथे आमची गाडी अडे. आम्हांस त्याची लाजच वाटे. ज्याने आयुष्य दुसऱ्यांसाठी झिजवले म्हणून सभांतून हार घेतले, त्याने स्वतःसाठी काय मागावयाचे?

तिसऱ्या आठवड्यात स्वतःचे नाव घेतले आणि डोळ्यांपुढे बारा वर्षांचा मुलगा उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमचे वडील साचाखात्यात होते. संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. वडिलांचे काम मात्र गेले. पुढे ते चाळीच्या उंबऱ्यात बसून राहत, आणि शेजारी त्यांचा रिकामा डबा असे. त्याविषयी आम्ही घरात चकार शब्द काढला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही सतरंजीवर बसून रडलो. बाई काही बोलल्या नाहीत.

ही रीत नवी नव्हे. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाचार्यांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. त्याची नागरी आवृत्ती सिद्ध करणारे धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. ते १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि पुढे गिरणगावात, परळच्या बहुजन विहारात राहिले. म्हणजे हा ग्रंथ आमच्या चाळींच्या शेजारून गेलेला. आम्हांसच पत्ता नव्हता. पाली जाणणाऱ्या एका स्नेह्याने त्यातले मैत्रीभावनेचे प्रकरण आम्हांस उलगडून सांगितले. आरंभ स्वतःपासून करावा, असे तेथे आहे. पण तो साक्षीदार म्हणून. मला सुख हवे, दुःखाची भीती वाटते. तसेच इतरांचे, हे कळावे यासाठी. नुसते स्वतःवरच शंभर वर्षे मैत्री करीत बसलात तरी समाधी लाभणार नाही, हेही तेथेच बजावले आहे.

आणि तेथे दरोडेखोरांचा एक दाखला आहे. साधक, त्याचा जिवलग, एक त्रयस्थ आणि एक वैरी असे चौघे बसले आहेत; दरोडेखोर येऊन बळीसाठी एक माणूस मागतात. "मला न्या" असे साधकाने म्हटले, तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. आचार्य म्हणतात, याची मैत्री अजून अपुरी. चौघांपैकी कोणालाच द्यावेसे वाटू नये. हे ऐकून आम्ही हादरलो. आमचे सारे पुढारीपण या "मला न्या" वर उभे होते, आणि जो स्वतःला इतक्या सहज देऊन टाकतो, तो दुसऱ्याचा डबाही सहज बाजूला सारतो!

आता आमचे सोबती विचारतात, मालक लोकही हल्ली ध्यानाची शिबिरे भरवतात, त्याचे काय? एका ठिकाणी पाळी बारा तासांची झाली आणि त्याच महिन्यात कामगारांना श्वास मोजावयास बसवले. आम्ही फाटकावर सांगितले, श्वास आम्ही आमच्या वेळेत मोजू, तुम्ही तास मोजा. मजुरीचा प्रश्न ध्यानाने सुटत नाही. शिवाय मिटल्या डोळ्यांत काहींचे दुःख उफाळते. ज्यास जीव नकोसा झाला आहे त्याने आधी डॉक्टर गाठावा.

असो. चार महिन्यांनी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. जाण्यापूर्वी रिक्षा थांब्यावर उभ्या उभ्याच दहा श्वास घेतले. डबा फळीवर होता. आम्ही म्हणालो, "ताई, त्या दिवशी आम्ही ऐकले नाही." त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग त्या दिवशी भाजी कोणती केली होती येथपासून सांगू लागल्या. तासभर तरी गेला असेल. अर्ज आमच्या पिशवीतच होता. चहा झाल्यावर त्याच म्हणाल्या, "काढा भाऊ तो कागद. तारीख काय लिहायची?"