दहा राग आणि एक उपेक्षित तबकडी



परंपरा आणि यंत्र यांचे हाडवैर असते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. चरणजित सिंग यांची कारकीर्द पाहिली म्हणजे तो किती पोकळ आहे, हे ध्यानात येते.

सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक. गिटार, सिंथेसायझर अशी वाद्ये वाजवीत त्यांनी अनेक संगीतकारांना साथ केली. साथीदाराची कला घरोघर पोहोचते. नाव मात्र पोहोचत नाही.

१९८२ साली त्यांनी स्वतःची तबकडी काढली. तिच्या नावाचाच अर्थ ‘डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग’ असा. रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जोडली. टीआर-८०८ ठेका धरी, टीबी-३०३ खर्जातील स्वरावली पुनःपुन्हा घोळवी आणि ज्युपिटर-८ वर सिंग भैरव, तोडी, यमन, मालकंस उलगडीत. टीबी-३०३ हे मूळचे बास गिटारच्या जागी साथ देण्यासाठी बनविलेले यंत्र. परंतु त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या कानांना तीत मींडेचा भास होतो.

तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली शिकागोतील ‘फ्यूचर’ या चमूने त्याच टीबी-३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना काढली आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा पंथ गाजला. तशाच नादाचे ध्वनिमुद्रण मुंबईत पाच वर्षे आधीच झाले होते, हे रसिकांना उमगले ते २०१० साली, एका डच संग्राहकाने ती तबकडी पुन्हा प्रकाशित केल्यावर. सत्तरीच्या घरात सिंग युरोपातील मंचांवर ते राग वाजवू लागले. २०१५ साली ते निवर्तले.

सिंगांना पंथ काढावयाचा नव्हता. हाती आलेल्या नव्या वाद्यावर त्यांना राग वाजवून पाहावयाचा होता. तो ऐकण्यास आपण कमी पडलो. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पेटीवरच्या यमनाला डोलणारी वडीलमंडळी यंत्रावरच्या यमनाला नाक मुरडीत, आणि आम्हीही त्यांचेच अनुकरण केले.

आज आपल्या गणेशोत्सवात परप्रांती वाढलेली आपली मुले कीबोर्ड घेऊन उभी राहतात. “हे कसले संगीत?” असे विचारण्यापूर्वी “कोणता राग वाजवितोस, बाळ?” एवढे विचारू या. कदाचित उत्तर येईल, “यमन.”