संगणकावरील कीर्द-खतावणी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाची कुटुंबसूची, विद्यार्थी-साहाय्य निधीचा हिशेब आणि वधूवरांची यादी ही तिन्ही दप्तरे आता वह्यांतून निघून संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये गेली आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु गेल्या वर्षी निधीची यादी करीत असता एका तरुण कार्यकर्त्याचा संगणक ऐन वेळी हँग झाला. पडद्यावर 'नॉट रिस्पाँडिंग' ही अक्षरे उमटली आणि सायंकाळपासून भरलेली सारी माहिती नाहीशी झाली. मूळ अर्ज कपाटात होते म्हणून काम पुन्हा उभे राहिले. परंतु मुलांच्या हाती रक्कम पडावयास विलंब झाला, आणि शुल्काची मुदत कोणासाठी थांबत नाही. म्हणून आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

या साधनाचा जन्म फळ्यापाशी झाला, हे ऐकून शिक्षकांना संतोष वाटेल. अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकत असता डॅन ब्रिकलिन यांनी पाहिले की, फळ्यावरील कोष्टकात एक आकडा बदलला की पुढील सारे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. हे श्रम यंत्राने करावेत या विचारातून त्यांनी व बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' सिद्ध केले. आज घरोघरी दिसणारे 'एक्सेल' १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशवर व १९८७ साली विंडोजवर आले.

जो गुण, तोच अडचणीचे मूळ. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेली सर्व सूत्रे यंत्र पुन्हा सोडविते. २००७ पासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी व १६,३८४ रकाने असतात. सूत्राला पाचशे ओळींऐवजी संपूर्ण रकाना नेमून दिला, हजारो ठिकाणी 'व्हीलुकअप' लावले, अथवा 'ऑफसेट', 'इनडायरेक्ट' यांसारखी प्रत्येक बदलासरशी नव्याने चालणारी सूत्रे पेरली, म्हणजे यंत्र गणितात बुडून जाते व आपल्या हाकेला ओ देत नाही. अशा वेळी ते मेलेलेच असते असे नव्हे. काही मिनिटे स्वस्थ बसावे. पुनःपुन्हा क्लिक करून लाभ नाही.

आता नष्ट काय होते ते पाहू. टंकलेली अक्षरे प्रथम यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत असतात. ती पाटी होय. 'सेव्ह' केल्यावरच मजकूर वहीत उतरतो. एक्सेल सामान्यतः दर दहा मिनिटांनी बचावाची एक प्रत स्वतः ठेविते, व पुन्हा उघडल्यावर ती पुढे करिते. कधीच सेव्ह न केलेली फाइलही 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज वर्कबुक' या वाटेने गेल्यास कधी कधी सापडते. तथापि मधल्या दहा मिनिटांचे काम जाते ते जातेच.

हँग होणारे यंत्र निदान आपली अवस्था कळविते. मुकाट्याने होणारी हानी याहून घातक. २०२० साली इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद दैनिक आकड्यांतून गळाली. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत, हे त्याचे कारण. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना इशारा मिळण्यास त्यामुळे उशीर झाला.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पेढीवर आधी रोजकीर्द लिहीत व मग खतावणी करीत. खतावणीचे पान फाटले तरी कीर्दीवरून ते पुन्हा उभे करता येई. तोच नियम येथे लावावा. छापील अर्ज ही आपली कीर्द. वर्षाचा हिशेब तपासून होईपर्यंत ती टाकू नये. फाइलीला आरंभीच नाव देऊन ती सेव्ह करावी व दर चारपाच अर्जांनंतर कंट्रोल आणि एस या कळा दाबाव्यात. रोजची प्रत तारीख घालून निराळी ठेवावी, व एक प्रत दुसऱ्याच्या घरी असावी. सूत्रांना लागेल तेवढ्याच ओळी द्याव्यात. फाइल फार जड झाली तर गणना 'मॅन्युअल' करून काम संपल्यावर एफ ९ ही कळ दाबावी. शेवटी यादीतील नावे व हातातील अर्ज यांची संख्या ताडून पाहावी.

एक विनंती कार्यकारी मंडळास. असा प्रसंग घडला की दोष त्या तरुणाच्या माथी मारला जातो. दिवसभर नोकरी करून रात्री मंडळाची यादी भरणारी मुले विनावेतन राबतात. त्यांचे एका सायंकाळचे श्रम वाया गेले तर ती हानी सर्व ज्ञातीची आहे. त्यांना बोल लावण्याऐवजी चांगला संगणक, वीज गेली तरी चालू राहील अशी सोय आणि पडताळणीसाठी एक सोबती द्यावा. पुढील जूनमध्ये एकाही विद्यार्थ्याची रक्कम उशिरा पोहोचली नाही, तर आजचे आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.