निकालानंतरचा दिवस

(ठाण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



निवडणुकीवरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना आकडेवारीची अपेक्षा असते. कोणत्या राज्यात किती टक्के मते फिरली, कोणत्या समाजघटकाने कोणाला कौल दिला, वगैरे. मी तीस वर्षे वृत्तपत्रांत काढली, तेव्हा आकड्यांशी माझे वैर असण्याचे कारण नाही. पण आज मला बोलायचे आहे ते माणसांविषयी. निकाल लागतो त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या इमारतीत, आळीत, लोकलच्या डब्यात सामान्य माणूस काय बोलतो आणि आपण कार्यकर्ते ते कसे ऐकतो, एवढाच माझा विषय आहे. खरे तर, ऐकतो का, असेच विचारायला हवे.

१३ मे २००४ हा दिवस येथे बसलेल्यांपैकी अनेकांना आठवत असेल. गुरुवार होता. देशभरातील सर्व मतदारसंघांत मतदानयंत्रे वापरली गेलेली ती पहिलीच लोकसभा निवडणूक. पूर्वी मतमोजणी दोन-दोन दिवस चालायची, कार्यकर्त्याला पराभवाची सवय व्हायला तेवढा अवधी मिळायचा. त्या दिवशी दुपारच्या जेवणापूर्वीच सारे स्पष्ट झाले. १९९९ मध्ये १८२ जागा मिळवणारा भारतीय जनता पक्ष १३८ वर आला, काँग्रेस १४५ वर पोहोचली. उत्तर प्रदेशात ८० पैकी अवघ्या १०, दिल्लीत सातपैकी एक. तमिळनाडूत तर मित्रपक्षांसह पाटी कोरी. महाराष्ट्राने त्यातल्या त्यात लाज राखली होती. ४८ पैकी २५ जागा युतीला मिळाल्या. पण मुंबईत सहापैकी एकच. लोकसभेचे मावळते अध्यक्ष मनोहर जोशी पडले, जयवंतीबेन मेहता पडल्या आणि उत्तर मुंबईत राम नाईक पडले.

राम नाईकांचा पराभव मुंबईच्या कार्यकर्त्याच्या जिव्हारी लागला. सलग पाच वेळा निवडून आलेला, लोकलच्या प्रवाशांसाठी आयुष्य वेचलेला, दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांच्या हाती ठेवणारा खासदार. पेट्रोलियम मंत्री म्हणून त्यांनी गॅसजोडणीची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी संपवली. त्यांना हरवले कोणी, तर राजकारणात नवख्या असलेल्या एका चित्रपट अभिनेत्याने. (तोच अभिनेता मार्च २०२४ मध्ये आपल्या मित्रपक्षात दाखल झाला. आपणही टाळ्या वाजवल्या. असो.)

त्या संध्याकाळी मी बोरिवलीत होतो. कार्यालयात पंखा फिरत होता आणि कोणी बोलत नव्हते. मग एकाने तोंड उघडले, आणि जो तो तेच बोलू लागला. असल्या लोकांसाठी घाम गाळायचाच कशाला? यांना नाचगाणेच हवे, यांची तीच लायकी. ज्यांच्या घरी गॅस आला त्यांनीच पाठ फिरवली. माझ्या शेजारी राहणारे एक गृहस्थ तर रात्री जिन्यात अर्धा तास जनतेच्या कृतघ्नतेवर बोलत उभे होते. मतदानाच्या दिवशी ते सहकुटुंब महाबळेश्वरला होते.

मी वेगळे काही केले नाही. त्याच रात्री बसून एक लेख लिहिला. झगमगाटाला भुललेला मतदार, असा त्याचा सूर होता. लेख छापून आला आणि पुष्कळांना आवडलाही. आज तो वाचवत नाही.

त्याच संध्याकाळी अटलजींनी राष्ट्रपतींकडे राजीनामा सुपूर्द केला आणि दूरदर्शनवरून देशाशी संवाद साधला. पक्ष आणि आघाडी हरली असेल, पण भारत जिंकला आहे, अशा आशयाचे ते बोलले. जनतेविषयी तक्रारीचा एक शब्द नाही. आम्ही ते भाषण ऐकले, डोळे पुसले आणि पुन्हा जनतेला दूषणे देऊ लागलो. नेत्याच्या मोठेपणाने गहिवरून येणे सोपे असते.

आमच्या भागात एक जुने स्वयंसेवक होते. साठीचे, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ते मला रस्त्यात भेटले. काखेत मतदारयादी आणि शंभर पानी वही. मी म्हटले, ‘‘काका, निवडणूक संपली.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणूनच निघालोय. आता लोक खरे सांगतील.’’ पुढचे पंधरा-वीस दिवस ते रोज संध्याकाळी दोन-तीन तास घरोघर गेले. मत कोणाला दिले हे विचारायचे नाही, असा त्यांचा नियम. फक्त म्हणायचे, ‘‘पाच वर्षे कशी गेली, सांगा.’’ आणि लिहून घ्यायचे.

ती वही मी नंतर वाचली. माझ्या लेखापेक्षा तिच्यात कितीतरी अधिक पत्रकारिता होती.

एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले होते, ‘‘जानेवारी २००० पर्यंत भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर बारा टक्के व्याज होते. मार्च २००३ मध्ये आठ टक्के झाले. मुदतठेवींचेही तेच. अर्थशास्त्र मला कळते हो, पण औषधवाल्याला कळत नाही.’’ हे शिक्षक जनसंघाच्या दिव्याला मत देत आलेले. दुसऱ्या एका घरात आयुष्याची पुंजी ‘यूएस-६४’ मध्ये अडकली होती. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने त्या योजनेची खरेदी-विक्री थांबवली, तेव्हा मुलीचे लग्न चार महिन्यांवर आले होते. एका बँक कर्मचाऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि हाती आलेल्या रकमेतून टाकलेले दुकान बसले होते. एका घरातील दोन्ही मुलांची नावे यादीतून गळाली होती. ती मुले आपलीच, शाखेत वाढलेली, पण नाव आहे की नाही हे पाहायला आपल्यापैकी कोणी गेले नव्हते. त्यातील एक वाक्य तर माझ्या मनातून जात नाही. एका गृहिणीने म्हटले होते, ‘‘नाईक साहेबांबद्दल तक्रार नाही. पण मागच्या वेळी तुम्ही लोक चारदा आलात. या वेळी दूरध्वनीवर अटलजींचा ध्वनिमुद्रित आवाज आला. त्याच्याशी बोलता येत नाही ना.’’

झगमगाटाला भुललेला मतदार मी त्या वहीत शोधला. तसे एखाददुसरे घर होते, नाही असे नाही. बाकीच्यांनी आपापला हिशेब मांडला होता. झगमगाटाला कोणी भुलले असेल, तर ते आपण. ‘इंडिया शायनिंग’च्या जाहिराती आपण केल्या आणि त्यांवर विश्वासही आपणच ठेवला. १९९८ चे पोखरण, कारगिलचा विजय, सुवर्ण चतुष्कोन, ग्रामसडक योजना ही सारी कामे खरीच होती आणि आहेत. पण २००२ चा दुष्काळही तितकाच खरा होता. महाराष्ट्रात तो २००३ मध्येही सरला नाही. माण, आटपाडी, जत, सांगोला या भागांत टँकर आणि जनावरांच्या छावण्या यांवरच माणसे दिवस काढत होती. टँकर पाठवणे हे राज्य सरकारचे काम, आणि ते सरकार काँग्रेस आघाडीचे, हा युक्तिवाद आपण केला. तो बरोबरही होता. घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला मात्र देश चमकतो आहे असे सांगायला नको होते.

शेअर बाजारानेही आपली प्रतिक्रिया तातडीने दिली. सोमवारी, १७ मे रोजी, भाव इतके कोसळले की दिवसात दोनदा व्यवहार थांबवावे लागले. वाहिन्यांनी ती प्रतिक्रिया दिवसभर दाखवली. शिक्षकांची, गृहिणीची प्रतिक्रिया काकांच्या वहीतच राहिली. बैठकीत तिची पाने वाचून दाखवू द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. वेळ नव्हता.

येथे कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. पराभवाचे दळण आता कशाला? २०१४ आणि २०१९ मध्ये याच मतदाराने भरभरून दिले. दिलेच. त्या दोन्ही वेळी निकालाच्या रात्री आपण मतदाराला सुज्ञ म्हटले, परिपक्व म्हटले. माझा प्रश्न साधा आहे. २०१४ चा सुज्ञ मतदार २००४ मध्ये कुठे होता? तो तेथेच होता, त्याच इमारतीत. १९७७ मध्ये आणीबाणी लादणाऱ्या इंदिराजींना रायबरेलीत पाडणारा आणि १९८० च्या जानेवारीत त्यांनाच ३५३ जागा देणारा मतदार तरी वेगळा कोठे होता? मी १९७७ मध्ये लहान होतो. आमच्या वाड्यात रात्रभर रेडिओ चालू होता आणि पहाटे कोणी तरी पेढे वाटले, एवढे आठवते. ज्या घरांतील माणसे दीड-दोन वर्षे तुरुंगात होती, त्यांना तो दिवस न्यायाचा वाटला. तीन वर्षांनी तेच लोक सुन्न झाले. मात्र १९८० नंतर त्या पिढीने लोकांशी बोलणे सोडले नाही, हे मी घरात पाहिले आहे. १९८४ मध्ये दोन जागा आल्या, खुद्द अटलजी ग्वाल्हेरला पडले, तेव्हाही नाही.

आता अलीकडचे. ४ जून २०२४. २२ जानेवारीला श्रीरामलल्लाची प्राणप्रतिष्ठा झाली होती आणि साडेचार महिन्यांत, ज्या फैजाबाद मतदारसंघात अयोध्या येते तेथे, आपला उमेदवार ५४ हजारांहून अधिक मतांनी हरला. त्या रात्रीपासून आपल्या सुशिक्षित घरांतील मुलांच्या भ्रमणध्वनींवर जे संदेश फिरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. अयोध्येचे लोक कृतघ्न आहेत, दर्शनाला गेलात तर तेथे चहाही घेऊ नका, प्रसाद विकत घेऊ नका, जेवण घरून न्या. २००४ मध्ये बोरिवलीच्या कार्यालयात जे दहा माणसांत बोलले गेले, ते आता लाखोंपर्यंत गेले आणि प्रत्यक्ष अयोध्येतील हारवाल्यापर्यंतही पोहोचले.

ही केवळ असभ्यता नव्हती, ते अज्ञानही होते. त्या लोकसभा मतदारसंघात पाच विधानसभा क्षेत्रे आहेत. चारांमध्ये आपण मागे पडलो. एका क्षेत्रात, थोड्या मतांनी का होईना, आघाडी मिळाली. ते क्षेत्र म्हणजे अयोध्या. ज्या माणसांनी मते दिली, त्यांनाच आपण शिव्या घातल्या. रामपथ रुंद करताना शेकडोंची घरे-दुकाने गेली, भरपाईविषयी तक्रारी होत्या, तरीही त्यांनी मते दिली. उरलेल्या चार क्षेत्रांत दलित आणि मागास वस्त्यांमध्ये, राज्यघटना बदलणार, हा प्रचार चालला आणि त्याला निमित्त आपल्याच उमेदवाराच्या तोंडून निघालेल्या वाक्याने पुरवले. महाराष्ट्रातही तेच घडले. त्याला खोटा प्रचार म्हणून आपण मोकळे झालो. खोटा होताच. पण वस्तीतल्या माणसाला तो खरा का वाटला? ज्याच्या घरी आपले येणे-जाणे आहे, त्याच्यापाशी असले खोटे टिकत नाही. आणि दिंडोरीच्या कांदा उत्पादकाने निर्यातबंदीचा हिशेब चुकता केला, त्यात तर खोटे काहीच नव्हते.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने युतीला दोनशेहून अधिक आमदार दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फैजाबादमधीलच मिल्कीपूरने पोटनिवडणुकीत आपला उमेदवार साठ हजारांहून अधिक मतांनी निवडून दिला. मतदार सुज्ञ झाला, असे पुन्हा ऐकू आले. अयोध्येच्या लोकांची क्षमा मागणारा संदेश मात्र माझ्याकडे एकही आला नाही.

काका आता ऐंशी ओलांडून गेले आहेत. जून २०२४ च्या त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते नातवाशी बोलत बसले होते. त्यानेही तो संदेश पुढे पाठवला होता. काका १९९० च्या कारसेवेला गेले होते. त्या दिवसांत अयोध्येच्या एका गल्लीत एका कुटुंबाने त्यांना आणि आणखी चौघांना तीन दिवस घरात ठेवून घेतले, बाहेर संचारबंदी असताना स्वतःच्या ताटातले वाढले. घरातल्या आजी रात्री दाराशी बसून राहत. निघताना पैसे देऊ केले, तर त्यांना राग आला. हे सारे काका नातवाला सांगत होते. मुलगा गप्प ऐकत होता. मग त्याने विचारले, ‘‘आजोबा, त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?’’

नंबर कोठला असायला! जुन्या डायरीत पत्ता होता. काकांनी त्या पत्त्यावर हिंदीत एक पत्र लिहिले आणि नातवाने ते टपालात टाकले. मी अधूनमधून विचारतो. उत्तर आलेले नाही. ते घर रुंदीकरणात गेले, की माणसेच आता तेथे नाहीत, हे काकांना कळलेले नाही.