ओळखपत्रावर मूळ मालकाचे नाव हवे

(म्हैसूर येथील जयलक्ष्मीपुरममध्ये रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



ओळखपत्रे छापून देणारी दुकाने आता गल्लोगल्ली झाली आहेत. मालक बोधचिन्ह, रंग आणि पट्टा ठरवतो, दुकानदार ते ८५.६ बाय ५४ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकवर बसवून देतो. ज्याच्या गळ्यात ते पडायचे, त्याला कोणी विचारीत नाही. आमचे म्हणणे असे, की हा विषय युनियनच्या मागणीपत्रात आला पाहिजे.

आपण कायम कामगार. आपल्या कार्डावर खात्याचे नाव असते, आपण कोणाचे नोकर हा वादच नसतो. पण डबे धुणारा, टपालाच्या थैल्या उचलणारा ठेक्यावरचा माणूस? कार्डावर फक्त ठेकेदाराचे नाव. ठेका बदलला की कार्ड जमा, आणि इतकी वर्षे काम केले याचा पुरावाही त्याबरोबर गेला!

मुंबईचे उदाहरण घ्या. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांचा लढा सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. एप्रिल २०१७ मध्ये त्यांना कायम करण्याचा निकाल मिळाला. एवढे होऊनही पुढे नावांच्या स्पेलिंगमधील किरकोळ फरकांवर कित्येकांची प्रकरणे अडकली. झाडू कोण मारतो हे सबंध वॉर्डाला ठाऊक होते, कागदाला ठाऊक नव्हते.

वास्तविक १९७१ च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांतला ७६ वा नियम असा होता, की कामावर घेतल्यापासून तीन दिवसांत ठेकेदाराने कामगाराला रोजगार कार्ड द्यावे. त्यावर ठेकेदाराबरोबर मूळ मालकाचेही नाव-पत्ता, कामाचे स्वरूप आणि मजुरीचा दर लिहायचा. किती जणांच्या हाती ते पडले, हे तुम्हीच आठवून पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या व प्रत्येकाला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले. चांगले आहे. पण नियुक्तीपत्र घरी पेटीत राहते. फाटकावर आणि अपघाताच्या जागी माणसाजवळ सापडते ते कार्डच.

म्हणून कार्डाच्या दर्शनी बाजूला मूळ मालकाचे नाव व रुजू झाल्याची तारीख हवी. कामगाराचे नाव बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत आहे अक्षरशः तसेच हवे. रक्तगट मोठ्या अक्षरात, मागे घरच्यांचा फोन. आधार क्रमांक मात्र चारचौघांत टांगू नये. यंत्राजवळ काम करणाऱ्याला गळ्यातला पट्टा नको, खिशाला लावायची क्लिप द्यावी. पट्टाच द्यायचा तर ओढ बसताच सुटणारा द्यावा. आणि कायमला निळा पट्टा, ठेक्यावाल्याला पिवळा, ही शिवाशिव कशासाठी? उपाहारगृहात कोणाला कुठे बसवायचे, हे त्या रंगावरून ठरताना आम्ही पाहिले आहे.

कार्डे छापायला जाण्यापूर्वी नमुना शाखेकडे यावा, एवढे एक कलम आपल्या पुढच्या मागणीपत्रात घाला. त्या बैठकीला ठेक्यावरच्या सोबत्यांनाही बोलवा.