अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यविमा : एका संघीय यंत्रणेचा कारभार

सार्वजनिक आरोग्यविम्याची चर्चा बहुधा किती लोकांना संरक्षण मिळाले आणि त्यावर किती पैसा खर्च झाला, एवढ्यावरच थांबते. परंतु हा विमा चालविणारे कार्यालय प्रत्यक्षात काय करते, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही, कारण कायद्याने दिलेला हक्क रुग्णापर्यंत पोहोचतो की वाटेतच अडतो, हे त्या कार्यालयाच्या दैनंदिन कारभारावर ठरते. अमेरिकेत हे काम ‘सेंटर्स फॉर मेडिकेअर अँड मेडिकेड सर्व्हिसेस’ या संघीय, म्हणजे केंद्र सरकारच्या, यंत्रणेकडे आहे. बाल्टिमोर शहरालगत वुडलॉन येथे तिचे मुख्यालय असून, केवळ सहा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या बळावर ती पंधरा कोटींहून अधिक लोकांच्या विम्याची जबाबदारी सांभाळते. तिच्या मालकीची रुग्णालये नाहीत, तिचे डॉक्टर रुग्ण तपासत नाहीत, आणि उपचारांची बिलेसुद्धा ती स्वतः चुकती करीत नाही. तरीही अमेरिकेच्या वैद्यकीय व्यवसायावर तिच्याइतका प्रभाव असलेली दुसरी संस्था दाखविणे कठीण आहे.

या रचनेचे मूळ १९६५ च्या कायद्यात आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या उपस्थितीत, त्यावर स्वाक्षरी केली आणि एकाच कायद्यातून दोन भिन्न प्रकृतीच्या योजना जन्मास आल्या : पासष्ट वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न घालता, देशभर एकाच नियमाने चालणारी मेडिकेअर, आणि गरिबांसाठी राज्यांनी केंद्राच्या अर्थसाहाय्याने चालवावयाची मेडिकेड. १९७२ च्या कायद्याने दीर्घकाळ अपंगत्व असलेल्यांना आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांनाही मेडिकेअर लागू झाली. दोन्ही योजनांचा कारभार १९७७ मध्ये एका छत्राखाली आला आणि त्या यंत्रणेस २००१ मध्ये आजचे नाव मिळाले.

वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनेचा या कायद्याला तीव्र विरोध होता, आणि त्याची खूण कायद्याच्या बांधणीत आजही दिसते. कोणत्याही संघीय अधिकाऱ्याने वैद्यकीय उपचारांवर नियंत्रण ठेवू नये, असे मेडिकेअरच्या कायद्याच्या आरंभीच म्हटले आहे, आणि बिले तपासून पैसे देण्याचे काम सुरुवातीपासून विमा व्यवसायातील मध्यस्थांकडे सोपविण्यात आले. आज ते प्रदेशवार नेमलेले कंत्राटदार करतात. यंत्रणेच्या हाती उरले ते नियम करणे, दर ठरविणे आणि कोणत्या रुग्णालयाला योजनेत घ्यावे याच्या अटी घालणे.

मेडिकेअरचा रुग्णालयीन भाग वेतनावरील कराने चालतो : नोकराकडून १.४५ टक्के आणि मालकाकडून तितकीच रक्कम एका विश्वस्त निधीत जमा होते. डॉक्टरांच्या शुल्काचा भाग मात्र साधारण पाव हिस्सा लाभार्थींच्या मासिक हप्त्यातून आणि उरलेला बव्हंशी सरकारच्या सर्वसाधारण महसुलातून भागविला जातो. या भेदाची झळ अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही पोहोचते. मुलाच्या पगारातून हा कर वर्षानुवर्षे कापला जात असला तरी, महाराष्ट्रातून उतारवयात तिकडे गेलेल्या आईवडिलांना त्याचा आधार मिळत नाही. कायम वास्तव्याचा परवाना आणि सलग पाच वर्षांचा मुक्काम झाल्यावरच त्यांना हा विमा घेता येतो, आणि दहा वर्षांच्या नोकरीची नोंद स्वतःच्या वा जोडीदाराच्या नावावर नसल्यास रुग्णालयीन भागासाठीही हप्ता भरावा लागतो.

दर ठरविण्याचा अधिकार वरवर हिशेबनिसाचे काम वाटतो, पण त्यातूनच यंत्रणेने वैद्यकीय व्यवहाराचे वळण बदलले. आरंभी रुग्णालयाचा जो खर्च होई तो भरून दिला जाई, त्यामुळे खर्च आटोक्यात ठेवण्याचे कोणालाच कारण नव्हते. १९८३ च्या कायद्याने येल विद्यापीठात विकसित झालेली निदानगटांची पद्धत स्वीकारली : रुग्णाचा आजार आणि त्यावरील मुख्य उपचार यांवरून त्याचा गट ठरतो, प्रत्येक गटाला एक भारांक असतो आणि त्यानुसार ठरलेली रक्कमच रुग्णालयाला मिळते, मग रुग्ण चार दिवस राहो वा आठ. रुग्णालयातील मुक्काम भराभर कमी झाले. पुरते बरे होण्याआधीच घरी पाठविले जाण्याची भीतीही त्याबरोबर आली. महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचारासाठी आधी ठरवून दिलेले दरही याच विचाराच्या जवळचे आहेत, आणि तेथेही दर परवडतो की नाही यावर रुग्णालयांचा सहभाग अवलंबून राहतो.

पैशाबरोबर घातलेली अट किती दूरवर पोहोचू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र १९६६ चे आहे. दक्षिणेकडील राज्यांत तोवर कृष्णवर्णीय रुग्णांना वेगळ्या वॉर्डांत ठेवले जाई किंवा दारातूनच परत पाठविले जाई. भेदभाव करणाऱ्या संस्थेस संघीय निधी मिळणार नाही, असे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सांगितले होते. मेडिकेअर १ जुलै १९६६ रोजी सुरू होणार असल्याने त्या शब्दांना प्रथमच खरे वजन आले. तपासनीस रुग्णालयारुग्णालयांत गेले, वॉर्डांची आणि प्रवेशनोंदींची पाहणी झाली, आणि काही महिन्यांतच सुमारे हजार रुग्णालयांनी वर्णभेदाच्या भिंती काढून टाकल्या. न्यायालयीन लढ्यांना जे अनेक वर्षांत पुरते साधले नव्हते ते एका प्रशासकीय अटीने साधले, हे मेडिकेअरच्या इतिहासातील सर्वांत उजळ पान मानावे लागेल.

मेडिकेडची कहाणी इतकी उजळ नाही. राज्याच्या दरडोई उत्पन्नानुसार खर्चाचा निदान निम्मा भाग केंद्र देते, गरीब राज्यांना अधिक देते. पण पात्रता, सोयी आणि अर्जाची पद्धत यांत राज्यांना मोठी मोकळीक असते, आणि केंद्राच्या संमतीने नेहमीच्या नियमांतून सूटही घेता येते. अशाच सुटीचा उपयोग करून आर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये महिन्याला ऐंशी तास काम केल्याचा पुरावा मागितला; न्यायालयाने २०१९ मध्ये ती अट रोखेपर्यंत अठरा हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला होता, आणि पुढील अभ्यासात रोजगार वाढल्याचे दिसले नाही. करोनाकाळात कोणालाही योजनेतून वगळू नये अशी अट होती. ती ३१ मार्च २०२३ रोजी संपल्यावर अडीच कोटींहून अधिक लोक वगळले गेले, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक जण अपात्र ठरून नव्हे, तर पत्र न पोहोचणे किंवा अर्ज वेळेत परत न येणे अशा कागदोपत्री कारणांनी.

येथे यंत्रणेचा खरा दोष उघड होतो. उत्पन्नाची माहिती सरकारच्या दप्तरात आधीच असताना ती पुन्हा सिद्ध करण्याचा भार सर्वांत दुर्बळ माणसावर टाकला जातो. वास्तविक उपलब्ध नोंदींवरून राज्यांनी आधी आपणहून नूतनीकरणाचा प्रयत्न करावा, असा नियम अस्तित्वात आहे. २०२५ च्या कायद्याने कामाची अट बहुसंख्य राज्यांतील प्रौढ लाभार्थींच्या मोठ्या गटाला १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करण्यास सांगितले आहे, त्यामुळे हा नियम किती निष्ठेने पाळला जातो यावर लक्षावधी लोकांचे औषधपाणी अवलंबून राहील. १९६६ मध्ये रुग्णालयांच्या दारी तपासनीस पाठविताना जी तत्परता दिसली, तीच या यंत्रणेने आता राज्यांच्या नोंदणी कार्यालयांबाबत दाखवावयास हवी.