फाइंडर आणि आपली मान
(रौप्यमहोत्सवी कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दूध आटतंय तोवर दहा मिनिटं घेतो.

आपल्याकडे हौसेनं आणलेल्या दुर्बिणी बहुतेक माळ्यावर गेल्यात. पोरांना कंटाळा आला, असं घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना काही सापडलंच नाही. २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तरी लहान दुर्बिणीतून आकाशाचा जेमतेम दीड-दोन अंशांचा तुकडा दिसतो. त्यात शनी शोधायचा म्हणजे पपईच्या देठाच्या नळीतून अख्ख्या गावात आपलं घर शोधण्यासारखं.

त्यासाठीच दुर्बिणीच्या पाठीवर ती छोटी शोधक दुर्बीण असते, फाइंडर. त्यावर ६ × ३० लिहिलेलं असेल तर सहापट मोठं दिसणार आणि भिंग ३० मिलिमीटरचं. आकाश मात्र सहा-सात अंशांचं दिसतं. ओळीनं डझनभर चंद्र मावतील एवढं.

फाइंडर दिवसाउजेडी जुळवायचा. किलोमीटरभर तरी लांबच्या मोबाईल टॉवरचं टोक आधी मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा, दुर्बीण आवळा. मग फाइंडरचा एक स्क्रू ढिला, समोरचा घट्ट, असं करत तेच टोक फुलीवर घ्या. समोरच्या बिल्डिंगवर जुळवू नका; इतक्या जवळ दोन नळ्यांमधलं अंतर नडतं. आणि सूर्याकडे फाइंडरमधूनसुद्धा बघायचं नाही. पोट्ट्यांनो, यात मस्करी नाही, डोळा जातो.

आता मानेचं. बाभुळगाव साधारण साडेवीस अक्षांशावर आहे, म्हणून कृत्तिका आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातात. जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेआठला भिंगाच्या दुर्बिणीचा सरळ फाइंडर तिकडे रोखला, तर डोकं पार नळीखाली घालावं लागतं. स्पॉन्डिलायटिसवाल्यांनी ही कसरत करूच नये. दोन तास थांबा. आकाश तासाला १५ अंश फिरतं, कृत्तिका आपणहून पश्चिमेला उतरतील. आजचा चंद्रही मध्यरात्री असाच डोक्यावर असेल, तेव्हा तो आत्ताच पाहून घ्या.

काटकोनी फाइंडर मिळतो, त्यात वरून वाकून बघता येतं. पण साध्या आरशाचा असेल तर डावं-उजवं उलट दिसतं. घ्यायचाच तर सुलट चित्र देणारा प्रिझमवाला घ्या. चष्मेवाल्यांना मी लाल ठिपक्याचा सुचवीन. तो काही मोठं करत नाही, पण चष्मा न काढता, डोळा वीतभर मागे ठेवूनही नेम धरता येतो. तिपाईचे पाय फार लांबवू नका, दुर्बीण हलते. त्यापेक्षा स्टूल घ्या नि बसून बघा.

पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथे नवख्याला शेजारी उभं राहून दाखवणारं कुणीतरी भेटतं. इथे ते आपणच एकमेकांसाठी करायचं. सेक्रेटरीसाहेब, अमावस्येजवळच्या शनिवारी गच्चीवरचा हॅलोजन दोन तास बंद ठेवता येईल का? माळ्यावरच्या दुर्बिणी त्या दुपारी खाली आणा, सगळ्यांचे फाइंडर जुळवून देतो.

चला, चंद्र टाकीच्या वर आला. आधी आजी मंडळी. खुर्ची ठेवली आहे.