पद्मिनीचे पार्ट किलोवर देऊ नका

मामांनी स्पेअर पार्टचं दुकान बंद केलं, आणि माळ्यावर प्रीमियर पद्मिनीचे डबाबंद, कधीच न वापरलेले पार्ट निघाले. भंगारवाला किलोवर भाव करतोय आणि मामांना पैसे लगेच हवेत.

मी म्हटलं, थांबा जरा. कुर्ल्यात बनणारी ही गाडी कधीच बंद झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीपण गेली. म्हणजे सारखं ब्रेक-क्लच नेणारं गिऱ्हाईक संपलं. उरले हौशी लोक, ज्यांना गाडी होती तशीच हवी. ते शोधतात ग्रिल, टेललाइटची काच, दाराचं हँडल. टॅक्सीवाला ज्यावाचून चालवून घ्यायचा, नेमकं तेच!

रबर मात्र बाजूला काढा. सील, होज, ब्रेकची रबरं डब्यात पडूनही कडक होतात. ‘नवीन’ म्हणून ती विकणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ.

जाहिरातीतला आकडा हा नुसता मागितलेला भाव. सौदा कितीला ठरला, ते विचारा. फोटोत पार्ट नंबर स्पष्ट दिसू दे.

आम्ही टेललाइटपासून सुरुवात केलीय. क्लच प्लेटा बहुतेक भंगारवालाच नेणार.